गिऱ्हाईक परत आपल्याच दारी यावं म्हणून: छोट्या धंद्याचा ब्रँड उभा करण्याच्या पायऱ्या

मेतकुटाच्या डाळी भाजत होते आणि मुलुंडहून एका बाईंचा फोन आला. आवाज चढलेला. “ताई, तुमच्या भाजणीला खवट वास येतोय. दोन किलो घेतलीय मी, घरी पाहुणे यायचेत.” त्या महिन्यात मुलुंडला माझं एकही पार्सल गेलं नव्हतं. मी पाकिटाचा फोटो मागवला. माझं पाकीट पिवळं, फोटोतलं हिरवं. नाव मात्र तेच, अक्षर न् अक्षर. बाईंनी ते कुठल्याशा प्रदर्शनात घेतलं होतं. पाकिटावर फोन नंबर नव्हता, म्हणून त्यांनी मोबाइलवर नाव टाकलं आणि वर माझा नंबर आला.

त्या दुसऱ्या उद्योजिकेने माझं काही चोरलं नव्हतं. माझ्या नावात ‘घरगुती’ आणि ‘स्वाद’ असे दोन शब्द होते, आणि हे शब्द महाराष्ट्रातल्या कुठल्याही बाईला सुचतील असेच आहेत. चार वर्षं मी ते नाव मोठं करत होते आणि ते माझं कधी झालंच नव्हतं.

मी लालबागला राहते. इथल्या मिरची गल्लीत एप्रिल-मे महिन्यात मसाला कुटायला येणाऱ्या बायका दुकानाचं नाव विसरतात, पण जागा विसरत नाहीत. डाव्या हाताचं अमुक दुकान, पायरीवर बसणारे ते काका, एवढी खूण त्यांना पुरते. इंटरनेटवर गल्ली नसते आणि पायरीही नसते. तिथे नाव हाच पत्ता. तुमचा माल आवडलेलं माणूस दुसऱ्याला तुमचं नाव सांगतं, तो दुसरा ते मोबाइलवर टाकतो, आणि पुढच्या दहा सेकंदांत तो तुमच्याकडे येतो किंवा भलतीकडे जातो. ब्रँड म्हणजे लोगो, रंग, जाहिरात हे सगळं नंतरचं. आधी आवडलेलं गिऱ्हाईक परत तुमच्याचकडे पोचलं पाहिजे.

ज्या क्रमाने मी ही कामं करायला हवी होती, त्या क्रमाने ती इथे लिहिते आहे. माझा धंदा खाण्याचा, म्हणून उदाहरणं तिथली जास्त आहेत. पण कपडे, दागिने, साबण, क्लास, काहीही असो, वाट साधारण हीच.

१. नाव: इथे सगळ्यात जास्त वेळ घाला

मालाचं वर्णन करणारं नाव सोपं वाटतं आणि तिथेच आपण फसतो. ‘शुद्ध’, ‘ताजे’, ‘रुचकर’, ‘घरगुती’, ‘कोकण’, ‘मुंबई’ हे शब्द सगळ्यांचे आहेत. माल कसा आहे, कुठला आहे, एवढंच सांगणाऱ्या शब्दावर कायदा एकट्याचा हक्क सहसा मान्य करत नाही. धंद्याच्या नावावरचा किंवा खुणेवरचा हक्क म्हणजे ट्रेडमार्क, आणि ट्रेडमार्क कायद्याचं नववं कलम याच कारणाने अर्ज अडवतं.

विलेपार्ल्याचा पार्ले-जी बघा. ते बिस्कीट आधी पार्ले ग्लुको म्हणून विकलं जायचं. ग्लुकोज बिस्किटं बाजारात अनेकांची आली, दुकानात जाऊन ‘ग्लुकोज द्या’ म्हटलं की दुकानदार हाताला येईल ते द्यायचा. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी नाव पार्ले-जी केलं. ‘ग्लुकोज’ कुणाचाही असू शकतो, ‘पार्ले-जी’ त्यांचाच. दुसरं उदाहरण दांडेकरांच्या कॅमलिनचं. १९३१ साली शाईपासून सुरू झालेला हा धंदा. उंटाचा शाईशी काय संबंध? काहीच नाही, आणि म्हणूनच कंपासपेटीवरचा उंट दिसला की दुसरं नाव डोक्यात येत नाही. विको म्हणजे विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनी या लांबलचक नावातली आद्याक्षरं, १९५२ पासूनची. तेव्हा ‘विको’ या शब्दाला काही अर्थ नव्हता, तो त्यांनी माल विकून मिळवला.

म्हणजे तीन वाटा चांगल्या: मालाशी संबंध नसलेला ओळखीचा शब्द, नवा घडवलेला शब्द, किंवा मालाचा नुसता भास देणारा शब्द. आडनावाची वाट आपल्याकडे रूढ आहे. गिरगावातले बेडेकर १९१० पासून त्यावर उभे आहेत. पण तुमचं आडनाव जोशी किंवा पाटील असेल तर त्याच आडनावाचे शंभर जण आधीच बाजारात आहेत हे लक्षात ठेवा.

दोन-तीन नावं ठरली की ही परीक्षा घ्या. मी ती एका रविवारी घेतली. आत्या, कॉलेजातला भाचा, आमच्या इमारतीचे वॉचमनकाका आणि शेजारच्या गुजराती वहिनी, अशा चौघांना मी नाव फक्त तोंडाने सांगितलं आणि म्हटलं, मोबाइलमध्ये लिहून दाखवा. माझ्या आवडत्या नावात ‘ळ’ होता. आत्यांनी देवनागरीत बरोबर लिहिलं. भाच्याने रोमन अक्षरांत एक ‘ए’ घातला, वहिनींनी दोन. वॉचमनकाकांनी ‘ळ’चा ‘ल’ केला, आणि तो वेगळाच शब्द झाला. चार माणसं, चार नावं. ते नाव मी त्याच संध्याकाळी सोडलं. जड गेलं, कारण ते माझ्या आईच्या गावावरून घेतलेलं होतं. पण लोकलच्या गर्दीत, पंखे घरघरत असताना एका बाईने दुसरीला सांगितलेलं नाव तिसऱ्या दिवशी बरोबर टाइप झालं पाहिजे. ‘ळ’, ‘ज्ञ’, ‘ठ’, ‘ऋ’ असलेल्या नावांची ही परीक्षा जरूर घ्या.

नाव ठरवताना आणखी एक. छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव किंवा चित्र आपल्या मालाला द्यावं असं अनेकांना मनापासून वाटतं. १९५० च्या बोधचिन्हे व नावे कायद्याच्या यादीत ते आहे, त्यामुळे धंद्यासाठी तसा वापर करता येत नाही आणि ट्रेडमार्कही मिळत नाही. देवादिकांच्या नावांतही धार्मिक भावना दुखावतील असा वापर अडवला जातो. ‘हापूस’, ‘पैठणी’, ‘कोल्हापुरी चप्पल’ या शब्दांना भौगोलिक मानांकन आहे. तिथला अस्सल माल असेल तरच ते वापरा, आणि आपलं ब्रँडनाव म्हणून तर नकोच.

२. हे नाव आधी कुणाचं आहे का, ते शोधा

गुगलवर शोधणं पुरत नाही. ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाच्या सरकारी संकेतस्थळावर ‘पब्लिक सर्च’ आहे, फुकट आहे. तिथे तुमच्या मालाचा वर्ग निवडायचा आणि नाव टाकायचं. एकूण वर्ग ४५ आहेत, १ ते ३४ वस्तूंचे आणि ३५ ते ४५ सेवांचे. मसाले, पिठं, चहा, मिठाई वर्ग ३० मध्ये, लोणची २९ मध्ये, कपडे २५, दागिने १४, साबण आणि सौंदर्यप्रसाधनं ३, खानावळ आणि केटरिंग ४३, शिकवण्या ४१, ब्यूटी पार्लर ४४.

शोधताना नुसतं हुबेहूब नाव बघून समाधान मानू नका. ‘कंटेन्स’ निवडून नावाचा तुकडा टाका, मग ‘फोनेटिक’ निवडून उच्चाराने जुळणारी नावं काढा. कार्यालय नावांची तुलना कानानेही करतं, डोळ्यांनीही. समोर आलेल्या प्रत्येक नावापुढे त्याची स्थिती लिहिलेली असते. ‘रजिस्टर्ड’ असेल तर दूर राहा. ‘ऑब्जेक्टेड’ किंवा ‘अपोज्ड’ म्हणजे वाद चालू आहे, तिथेही जपून. ‘अबॅन्डन्ड’ म्हणजे अर्ज सोडून दिलेला, पण तो माणूस त्या नावाने अजून माल विकत असेल तर त्याचा आधीपासूनच्या वापराचा हक्क शिल्लक असतो.

त्याच दिवशी इन्स्टाग्राम, फेसबुक, यूट्यूब आणि ऑनलाइन विक्रीच्या दोन-तीन ठिकाणी तेच नाव शोधा. कंपनी काढणार असाल तर कंपनी खात्याच्या संकेतस्थळावरही. आणि हे पक्कं लक्षात ठेवा: कंपनी नोंदवली, गुमास्ता म्हणजे दुकानाचा परवाना काढला किंवा लघुउद्योगाचं उद्यम प्रमाणपत्र मिळालं म्हणजे नावावर ट्रेडमार्कचा हक्क मिळत नाही. माझ्या ओळखीतल्या तिघींचा हा गैरसमज होता, माझाही होता.

३. डोमेन आणि खाती एकाच बैठकीत घ्या

नाव मोकळं दिसलं की त्याच दिवशी तीन गोष्टी करा. धंद्यासाठी वेगळा ईमेल, वेगळं सिमकार्ड, आणि त्या ईमेलवरून डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता. डॉट इन आणि डॉट कॉम दोन्ही मिळाले तर दोन्ही घ्या. डॉट भारत हे देवनागरीतलं डोमेन २०१४ पासून मिळतं, पण देवनागरी पत्ता टाइप करायची सवय अजून कमी जणांना आहे, तेव्हा ते जोडीला घ्या, एकटं नको. पहिल्या वर्षाचा दर आकर्षक असतो. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा दर काय, ते पैसे भरायच्या आधी बघा.

सगळ्यात मोठा सापळा हा की डोमेन दुसऱ्याच्या नावावर निघतं. वेबसाइट करून देणारा मुलगा घाईत स्वतःच्या ईमेलने ते घेतो, वर्षभराने दुसऱ्या शहरात नोकरीला जातो, फोन उचलत नाही, आणि नूतनीकरणाची सूचना त्याच्याकडे जाते. माझं पहिलं डोमेन मी असंच गमावलं. त्याच्या मनात खोट नव्हती, पण नाव गेलं ते गेलंच. डोमेन, गुगल, इन्स्टाग्राम या सगळ्यांचा मूळ मालक तुमचा ईमेल हवा. मदत करणाऱ्याला जोडायचं ते मदतनीस म्हणून. पासवर्ड एका वहीत लिहून ती वही घरच्या कागदपत्रांबरोबर ठेवा.

डोमेनच्या नावाला कायद्यात किती वजन आहे याचा एक जुना निकाल आपल्या मुंबईतलाच आहे. रेडिफ या मुंबईच्या कंपनीच्या डोमेनमध्ये एका अक्षराचा फरक करून दुसऱ्याने ‘रॅडिफ’ घेतलं होतं. १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याला मनाई केली. डोमेन हा नुसता इंटरनेटवरचा पत्ता नसून त्याला ट्रेडमार्कसारखंच संरक्षण आहे, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. त्या काळी घरोघरी इंटरनेट पोचलंही नव्हतं.

डोमेन घेतल्यावर काही महिन्यांत एक ईमेल येऊ शकतो: ‘चीनमध्ये कुणीतरी तुमचं नाव नोंदवतंय, लगेच आमच्याकडून घ्या.’ ही फसवणूक जगभर चालते. उत्तर देऊ नका.

४. ट्रेडमार्कचा अर्ज

कायदा १९९९ चा, सध्याचे नियम २०१७ चे. अर्जाचं नाव टीएम-ए. ऑनलाइन अर्जाची सरकारी फी व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगाला प्रत्येक वर्गासाठी ४,५०० रुपये, इतरांना ९,००० रुपये. स्वतःच्या नावाने अर्ज करत असाल तर सवलत मिळतेच. भागीदारी किंवा कंपनी असेल तर उद्यम प्रमाणपत्र जोडा. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. तिचे पैसे मागणाऱ्या खासगी साइट सरकारीसारख्याच दिसतात, नीट बघून घ्या.

जवळ ठेवायचे कागद:

– पॅन आणि आधार, भागीदारी असेल तर करारनामा
– पत्त्याचा पुरावा
– लघुउद्योग म्हणून अर्ज असेल तर उद्यम प्रमाणपत्र
– नाव साध्या अक्षरांत, आणि लोगो नोंदवायचा असेल तर त्याची स्पष्ट प्रतिमा
– मराठी शब्द असेल तर त्याचा अर्थ आणि रोमन लिपीतला उच्चार
– आधीपासून वापर असेल तर प्रतिज्ञापत्र आणि पुरावे: बिलं, पाकिटाचे फोटो, जाहिरात, स्टॉलची पावती
– वकील किंवा एजंटमार्फत अर्ज असेल तर त्याला दिलेलं सहीचं अधिकारपत्र

मुंबईचं नोंदणी कार्यालय अँटॉप हिलला बौद्धिक संपदा भवनात आहे. अर्ज घरबसल्या भरता येतो, पण डिजिटल सही लागते, म्हणून बरेच जण एजंट गाठतात. एजंट जरूर घ्या, पण आधी पहिली आणि दुसरी पायरी स्वतः करा. जुन्या नावाच्या वेळी मी त्या केल्या नव्हत्या. ‘नाव छान आहे, मिळून जाईल’ असं मला सांगण्यात आलं, मी सरकारी फी आणि त्यांची फी भरली, आणि कार्यालयाने अर्ज तपासून पाठवलेल्या परीक्षण अहवालात दोन आक्षेप आले. नवव्या कलमाखाली वर्णनात्मक शब्द, अकराव्या कलमाखाली आधीच्या नावांशी साम्य. सोबत साम्य असलेल्या नावांची यादी होती, त्यातली निम्मी मला त्या फुकटच्या सर्चमध्ये पाच मिनिटांत दिसली असती. फी परत मिळत नाही.

अर्ज पाठवण्याआधी त्याची प्रत मागून तीन ठिकाणी बोट ठेवून वाचा.

एक, मालकाचं नाव. ते तुमचं आहे ना? दिराने किंवा मैत्रिणीने ‘मी करून देते’ म्हणून स्वतःच्या नावावर अर्ज टाकला, तर नाव तिचं होतं.

दोन, वापराची तारीख. तिथे ‘प्रपोज्ड टू बी यूज्ड’ म्हणजे पुढे वापरणार असं लिहायची सोय असते. एजंट वेळ वाचवायला तेच टाकतात, कारण मग प्रतिज्ञापत्र लागत नाही. तुम्ही दोन वर्षं त्या नावाने विकत असाल तर ती दोन वर्षं कागदावर आलीच पाहिजेत, वाद झाला तर आधी कुणी वापरलं याला फार महत्त्व येतं. माझ्या नव्या नावाचा पहिला पुरावा होता दादरच्या दिवाळी प्रदर्शनातल्या स्टॉलची पावती, हाताने लिहिलेली, कोपऱ्यावर तेलाचा डाग पडलेली. मी ती फेकणारच होते. पहिलं बिल, पहिली पावती, पहिल्या पाकिटाचा तारखेसकट फोटो, सगळं जपून ठेवा.

तीन, मालाचं वर्णन. आज फक्त मसाले विकता, पण वर्षभरात लाडू आणणार असाल तर त्याच वर्गात तेही लिहा, फी वाढत नाही. लोणचं आणायचं असेल तर मात्र वर्ग वेगळा, फी वेगळी.

साधं नाव नोंदवायचं की लोगो? दोन्हींचे पैसे नसतील तर आधी नाव. लोगो बदलतो, नाव राहतं.

अर्ज गेला की नावापुढे ‘टीएम’ लावू शकता. गोलातला ‘आर’ मात्र प्रमाणपत्र हाती आल्यावरच. नोंदणी नसताना तो लावणं कायद्याने गुन्हा आहे. छापखान्यातली मुलं शोभेसाठी तो घालून देतात, तेव्हा प्रूफ बघताना लक्ष ठेवा.

पुढे परीक्षण अहवाल येतो. आक्षेप असतील तर अहवाल मिळाल्यापासून ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाहीतर अर्ज सोडून दिला असं धरलं जाऊ शकतं. एजंट सांगेल या भरवशावर राहू नका, महिन्यातून एकदा अर्ज क्रमांक टाकून स्थिती स्वतः बघा. आक्षेप मिटले की नाव ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून येतं आणि चार महिने कुणालाही विरोध करता येतो. विरोध नसेल तर प्रमाणपत्र. माझ्या नव्या नावाचं यायला अर्जापासून दीड वर्ष लागलं. ते अर्जाच्या तारखेपासून १० वर्षं चालतं, मग नूतनीकरण. जर्नलमध्ये नाव आल्यावर सरकारी वाटणारी पत्रं येऊ शकतात, अमुक यादीत नाव घालण्यासाठी इतके हजार भरा म्हणून. खरं पत्र तुमच्या अर्जाच्या ऑनलाइन नोंदीत दिसतं. तिथे नसेल तर भरू नका.

५. लोगो आणि अक्षरं

लोगो साधा ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपच्या नखाएवढ्या गोलात तो ओळखू आला पाहिजे आणि एका रंगात छापला तरी. नुसत्या दिसण्यालाही किती किंमत असते ते गेटवेसमोर उभं राहिलं की कळतं: ताजमहाल पॅलेसच्या इमारतीच्या रूपालाच २०१७ मध्ये ट्रेडमार्क मिळाला, भारतात असं पहिल्यांदाच झालं.

इथे एक गोष्ट मला फार उशिरा कळली. डिझायनरला पैसे दिले म्हणून लोगोचा कॉपीराइट आपोआप तुमचा होत नाही. बाहेरून काम करणाऱ्या कलाकाराने केलेला लोगो लेखी हस्तांतर होईपर्यंत सहसा त्याचाच राहतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हस्तांतर लेखी आणि सहीनिशी हवं. त्यात मुदत लिहिली नाही तर ते पाच वर्षांचंच धरलं जातं, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरतं. तेव्हा शेवटचा हप्ता देताना एका कागदावर स्पष्ट लिहून घ्या की या लोगोचे सर्व हक्क कायमचे, जगभरासाठी, माझ्याकडे दिले. चांगला डिझायनर हसत सही करतो.

त्याच वेळी मूळ फाइल मागा. नुसता जेपीजी मोठ्या फलकावर फाटतो. पीडीएफ, एसव्हीजी किंवा कोरलड्रॉची फाइल हवी, आणि तीत अक्षरं ‘कर्व्ह’ केलेली, म्हणजे फॉन्टऐवजी चित्रासारखी केलेली हवीत, नाहीतर छापखान्यात फॉन्ट नसला की तुमच्या नावातली जोडाक्षरं सुटी होतात. देवनागरी फॉन्टचा परवानाही विचारा. मुंबईच्याच एक टाइप या अक्षररचनाकारांच्या गटाने केलेले मुक्ता, बलू, मोदक हे फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत, धंद्याला वापरता येतात, आणि त्यांचं देवनागरी वळण देखणं आहे.

६. पाकीट

क्रॉफर्ड मार्केट आणि मशीद बंदरच्या बाजूला तयार पाऊच मिळतात. छापील पाऊचचा मोह पहिल्या वर्षी टाळा. त्यासाठी प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर घडवावा लागतो, त्याचे पैसे वेगळे, आणि हजारोंच्या संख्येत ऑर्डर द्यावी लागते. मी जुन्या नावाचे तीन हजार पाऊच घेतले होते. नाव बदललं तेव्हा अर्ध्याहून अधिक माळ्यावर पडून होते. परीक्षण अहवालाचा निकाल लागेपर्यंत साधा पाऊच आणि वर चांगला स्टिकर. स्टिकर दोनशेसुद्धा छापून मिळतात.

लेबलवर कायद्याने लागणाऱ्या गोष्टी: पदार्थाचं साधं नाव, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, उत्पादक किंवा पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, उत्पादनाची तारीख, ग्राहक तक्रारीसाठी फोन आणि ईमेल. खाद्यपदार्थ असेल तर घटक, बॅच क्रमांक, कधीपर्यंत वापरावा ती तारीख, शाकाहारी-मांसाहारी खूण आणि एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा १४ आकडी क्रमांक. त्या मुलुंडच्या बाईंच्या पाकिटावर तक्रारीचा नंबर असता, तर त्यांचा फोन माझ्याकडे आलाच नसता. म्हणून हा मजकूर कोपऱ्यात बारीक करून दडवू नका. ‘नंबर एक’, ‘१०० टक्के शुद्ध’ असले दावे टाळा, त्यांवर अन्न खात्याची आणि जाहिरात नियामकांची नजर असते. त्यापेक्षा भाजणीत कुठली धान्यं आहेत, कधी भाजली, ते लिहा.

मॉलमध्ये किंवा मोठ्या ऑनलाइन विक्रीला बारकोड लागतो. तो जीएसवन इंडियाकडून घ्या, भारतात दिलेले क्रमांक ८९० ने सुरू होतात. स्वस्तात मिळणारे सुटे बारकोड दुसऱ्याच्या नावावरचे असू शकतात.

७. गुगल, व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम

गुगलचं बिझनेस प्रोफाइल फुकट आहे. घरून धंदा असेल तर पत्ता लपवून फक्त सेवा देण्याचा परिसर दाखवता येतो, आणि बायकांनी तो लपवावाच असं मी सांगेन. नाव मात्र पाकिटावर आहे तसंच. पुढे ‘बेस्ट भाजणी मुंबई’ असं शेपूट लावलं की प्रोफाइल निलंबित होऊ शकतं.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये कॅटलॉग करा, त्या वेगळ्या सिमवर. नाव, लोगो, नंबर हे तीन सगळीकडे तंतोतंत एकच ठेवा. एकीकडे ‘मसाले’, दुसरीकडे ‘फूड्स’, तिसरीकडे ‘किचन’ असं केलं की गिऱ्हाइकाला वाटतं ही तीन वेगळी माणसं आहेत. वाईट अभिप्राय आला तर त्याच दिवशी, नम्रपणे, खाली उत्तर द्या. नवीन माणूस अभिप्रायाइतकंच तुमचं उत्तर वाचतो. इन्स्टाग्रामवर रोज टाकायची गरज नाही. आठवड्यातून एकदा भाजणी भाजतानाचा खरा व्हिडिओ पुरतो.

८. दुकान असेल तर पाटी

महाराष्ट्रात २०२२ च्या दुरुस्तीनंतर, कामगार कितीही असोत, दुकानाची पाटी मराठीत देवनागरी लिपीत हवी, आणि ती अक्षरं इतर भाषांपेक्षा लहान नकोत. त्यामुळे लोगो करतानाच देवनागरी रूप आधी करा. नंतर घाईत पाटीवाल्याकडून भलत्या फॉन्टमध्ये नाव रंगवून घेतलं की पाकीट आणि पाटी एकमेकांना ओळखत नाहीत.

९. कुणी नक्कल केली तर

आधी भांडू नका, पुरावा गोळा करा. स्क्रीनशॉट तारखेसकट, त्यांचं एक पाकीट विकत घेऊन बिलासकट ठेवा. मग सरळ फोन करा. माझ्याकडे दोनदा वेळ आली. एकदा नालासोपाऱ्याच्या एका वहिनींनी माझ्या नावाशी मिळतंजुळतं नाव घेतलं होतं. त्यांना या कायद्याचा पत्ताच नव्हता. मी प्रमाणपत्र पाठवलं, त्यांनी विचारलं, “मग आता मी काय करू?” मी त्यांना ही पहिली आणि दुसरी पायरी फोनवर समजावली. महिन्याभरात त्यांनी स्वतःचं वेगळं नाव शोधलं, आणि त्यांची नाचणीची भाजणी आता माझ्या दिवाळीच्या डब्यात असते, त्यांच्याच लेबलसकट.

दुसऱ्या वेळी समोरचा ऐकेना. तेव्हा वकिलाची नोटीस दिली, आणि इन्स्टाग्राम व विक्रीच्या साइटवर ट्रेडमार्क क्रमांकासह तक्रार टाकली. या साइट तक्रार घेताना नोंदणी क्रमांक मागतात, तो असला की काम पुढे सरकतं. नोंदणी नसेल तर आधीपासूनच्या वापरावर ‘पासिंग ऑफ’चा, म्हणजे स्वतःचा माल तुमचा म्हणून खपवल्याचा, दावा करता येतो, पण तिथे नाव तुमच्यामुळे ओळखलं जातं हे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर. म्हणूनच ती तेलकट पावती मी लॅमिनेट न करता प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवली आहे. लॅमिनेशनच्या उष्णतेने शाई फिकी पडते असं आमच्या वकीलबाईंनी सांगितलं होतं. प्रमाणपत्राची मूळ प्रत, डिझायनरचा सहीचा कागद, डोमेनची पावती आणि नूतनीकरणाची तारीख लिहिलेला कागद, सगळं त्याच फोल्डरमध्ये आहे.